पाळी चुकते तेव्हा साखर तपासा



गावातल्या एका मोठ्या माणसाच्या स्मरणार्थ व्याख्यान ठेवायचे आणि सगळ्या गावाने एकत्र बसून ऐकायचे, ही आपली जुनी आणि चांगली रीत आहे. वडनेरच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विचारले, विषय कोणता घेणार? मी म्हटले, मुलींच्या अनियमित पाळीवर बोलेन, आणि पुरुषांनाही बसवून ठेवा. त्यांनी लगेच होकार दिला, याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे.

पाळीबद्दल आपण माजघरात कुजबुजतो, आणि त्या कुजबुजीत एकच काळजी असते. आई मुलीला दवाखान्यात घेऊन येते. मुलगी खाली मान घालून बसते. आई सांगते, "मॅडम, पोरीले दोन-दोन महिने पाळीच येत नाही. पुढं लेकरू तर होईल ना?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा "होईल" असेच आहे. पण या मुलीची साखर किती, रक्तदाब किती, कंबर किती, हे कुणी विचारत नाही. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच: पीसीओएस असलेल्या मुलीची चुकलेली पाळी हा तिच्या शरीराने फार लवकर दिलेला इशारा असतो. तो गर्भाशयापुरता ऐकला, तर पुढचा मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार टाळण्याची दहा-पंधरा वर्षे हातची जातात.

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. आपल्याकडे त्याला सर्रास "पीसीओडी" म्हणतात, आणि सोनोग्राफीचा कागद दाखवून "अंडाशयात गाठी झाल्या" असे सांगतात. या गाठी नव्हेत. दर महिन्याला अंडाशयात काही बीजकोष वाढू लागतात, त्यांतला एक पूर्ण वाढतो, फुटतो आणि बीज बाहेर पडते. पीसीओएसमध्ये हे बीजकोष अर्ध्या वाटेवर थांबतात आणि सोनोग्राफीत ओळीने बसलेल्या मण्यांसारखे दिसतात. ते कापून काढायचे नसतात आणि त्यांचा कर्करोग होत नाही. "गाठी" हा शब्द ऐकून कितीतरी आयांची झोप उडते, म्हणून हे आधीच सांगितले.

निदानासाठी 2003 साली रॉटरडॅमला ठरलेले निकष जगभर वापरले जातात. पाळी अनियमित असणे, पुरुषी संप्रेरके वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीतले तसे अंडाशय, या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. थायरॉइड, प्रोलॅक्टिन अशी दुसरी कारणेही तपासून बाजूला काढावी लागतात. कोवळ्या मुलींसाठी मात्र नियम वेगळा आहे. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करायचे नाही, कारण त्या वयात निरोगी मुलींचे अंडाशयही तसेच दिसतात. पहिल्या वर्षात पाळी मागेपुढे होणे साहजिक आहे. तीन वर्षे उलटल्यावरही दोन पाळ्यांत 35 दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर दाखवायला हवे. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नसेल तरीही दाखवायला हवे.

हे किती मुलींना असते? मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी मुंबईतल्या किशोरवयीन आणि तरुण मुलींचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध केला. रॉटरडॅमच्या निकषांनी 22.5 टक्के मुलींना पीसीओएस निघाला, अधिक कडक निकषांनी 10.7 टक्के. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा देशभरचा अभ्यास 2024 मध्ये आला. त्यात 18 ते 40 वयाच्या 9,824 स्त्रिया होत्या आणि प्रमाण रॉटरडॅमच्या निकषांनी 19.6 टक्के होते. म्हणजे पाच जणींत जवळजवळ एक. मुंबईच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पीसीओएस निघालेल्या मुलींपैकी सुमारे 70 टक्के लठ्ठ नव्हत्या. "आमची पोर तर काडीसारखी आहे, तिला कसा होईल?" या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात आहे.

आता साखरेचा आणि पाळीचा संबंध. आपण जेवलो की रक्तात साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिनच्या सांगण्यावरून स्नायू ती साखर आत घेतात. पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांमध्ये स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. घरात ऐकू कमी येणारे आजोबा असले की सगळे मोठ्याने बोलतात. आजोबांना ऐकू जाते, पण भिंतीपलीकडचा शेजारीही जागा होतो. तसे इथे घडते. साखर ताब्यात ठेवण्यासाठी स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडते, आणि अंडाशयाला तर आधीपासून नीट ऐकू येत असते. ते त्या जादा इन्सुलिनने चेतवले जाते आणि पुरुषी संप्रेरके जास्त बनवू लागते. त्याच वेळी ही संप्रेरके बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृत कमी बनवते, त्यामुळे ती रक्तात मोकळी फिरतात. चेहऱ्यावर केस, पुरळ, डोक्यावरचे केस विरळ होणे, बीज न सुटणे आणि पाळी लांबणे, ही सगळी साखळी इथून सुरू होते. शेवटी स्वादुपिंड थकते. तेव्हा साखर वाढलेली दिसते आणि आपण म्हणतो, अचानक मधुमेह झाला. तो अचानक झालेला नसतो.

वैद्यकशास्त्रालाही हे समजायला वेळ लागला. 1921 मध्ये पॅरिसच्या आशार आणि थिएर या डॉक्टरांनी चेहऱ्यावर केस असलेल्या स्त्रियांमधल्या मधुमेहाचे वर्णन केले होते. म्हणजे दुवा तेव्हाच दिसला होता. पुढे 1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी सात स्त्रियांचा अहवाल लिहिला आणि अंडाशयाचा एक तुकडा काढल्यावर पाळी परत येते असे दाखवले. तेव्हापासून सगळ्यांचे लक्ष अंडाशयावर आणि मूल होण्यावर खिळले. या स्त्रियांमध्ये इन्सुलिन वाढलेले असते, हे मोजून दाखवणारे संशोधन 1980 मध्ये आले. मधली पंचेचाळीस वर्षे शास्त्र जिथे अडकले, तिथेच आपली घरे आजही अडकलेली आहेत. सगळे ओटीपोटाकडे पाहतात, बाकीच्या शरीराकडे कुणाचे लक्ष जात नाही.

आपल्या मातीत ही गोष्ट आणखी गंभीर आहे, आणि ते दाखवून देणारे काम महाराष्ट्रातच झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोने हलकी. पण अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. जे कमी होते ते स्नायू आणि इतर अवयव. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3. चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपण वरून सडपातळ दिसतो आणि आत, विशेषतः पोटात, चरबी बाळगतो. म्हणूनच आपल्या स्त्रियांसाठी कंबर 80 सेंटिमीटरवर गेली की धोक्याची खूण मानतात, आणि वजनाचा निर्देशांक 23 झाला की जास्त वजन समजतात. युरोपात ही रेषा 25 वर आहे.

कंबर मोजायला शिंप्याची टेप पुरते. सलवारीची किंवा साडीची गाठ जिथे बसते तिथे मोजू नका. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचे हाड बोटांनी चाचपा. त्या दोघांच्या मधोमध टेप धरा, पोट आत ओढू नका, श्वास सोडा आणि आकडा वाचा. दुसरी खूण मानेवर असते. मानेच्या मागे, काखेत, कधी बोटांच्या पेरांवर कातडी काळपट, जाडसर आणि मखमलीसारखी होते. घरात वाटते की पोरगी नीट अंघोळ करत नाही. मग बेसन, लिंबू, दगड, सगळे घासून होते. कातडी सोलून निघते, पण काळेपणा जात नाही, कारण तो मळ नाही. वाढलेल्या इन्सुलिनने ती कातडी तशी झालेली असते. त्या पोरीला रागावू नका. तिला घासायची गरज नाही, तपासायची आहे.

पुढे काय होऊ शकते? जगभरचे अभ्यास एकत्र केले, तर पीसीओएस असलेल्या स्त्रीला टाइप 2 मधुमेह होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सुमारे तिप्पट निघते, आणि तीही लवकरच्या वयात. गरोदरपणातला मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांचे प्रमाणही जास्त असते. देशभरच्या त्याच अभ्यासात पीसीओएस असलेल्या स्त्रियांपैकी जवळपास एक तृतीयांश जणींच्या यकृतात चरबी होती, आणि बहुसंख्य जणींच्या रक्तातल्या चरबीचे प्रमाण बिघडलेले होते. पाळी महिनोन् महिने आली नाही तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि पुढे त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. एकूण पाहता तो धोका लहान आहे आणि टाळताही येतो: तीन महिन्यांहून जास्त काळ पाळी आली नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेऊन ती आणावी. त्यासाठी पपई, तीळ आणि गुळावर भरवसा ठेवू नका. घोरणे, झोपेत श्वास अडखळणे, उदासी आणि सततची चिंता हीसुद्धा या आजाराचीच अंगे आहेत. चेहऱ्यावरच्या केसांमुळे वर्गात तोंड लपवणाऱ्या मुलीचे दुःख खरे असते. "एवढ्याशाने काय होतंय" असे तिला म्हणू नये.

तपासणी कोणती करावी? रक्तदाब वर्षातून एकदा. रक्तातली चरबी निदानाच्या वेळी. साखरेसाठी सगळ्यात चांगली तपासणी म्हणजे उपाशीपोटी रक्त द्यायचे, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. दोन तासांचा आकडा 140 च्या आत असेल तर ठीक. 140 ते 199 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, 200 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ही तपासणी दर एक ते तीन वर्षांनी, धोका पाहून पुन्हा करावी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी सोपी आहे, पण विदर्भात तिच्याबद्दल सावध राहावे लागते. आपल्याकडे सिकलसेल आहे, आणि रक्तक्षय तर घरोघरी आहे. तांबड्या पेशी बदललेल्या असल्या किंवा लोह कमी असले की तो आकडा फसवतो. म्हणून थोडा त्रास झाला तरी ग्लुकोज पिऊनच तपासणी करा, आणि सिकलसेलचा अहवाल असेल तर सोबत घेऊन जा.

उपचारांत पहिला मान राहणीमानाचा. मोठ्या बाईने आठवड्याला किमान 150 मिनिटे दम लागेल असे चालावे, आणि आठवड्यातले दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. शाळेतल्या मुलीने रोज तासभर खेळावे. निंदणी आणि कापूस वेचणी करणाऱ्या बायांना मी चालायला सांगत नाही, त्यांचे पुरेसे होते. पण त्यांच्या लेकी एसटीने हिंगणघाटला जातात, दिवसभर बाकावर बसतात आणि घरी येऊन अभ्यासाला बसतात. आईचे श्रम लेकीच्या अंगी लागत नाहीत. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के कमी झाले तरी अनेकींची पाळी सुधारते. सत्तर किलोच्या मुलीसाठी हे साडेतीन ते सात किलो होतात. मात्र वजनावरून टोमणे मारून कुणाचे वजन उतरलेले नाही. इन्सुलिन वाढलेले असताना वजन उतरवणे खरोखरच जड जाते, हे घरच्यांनी समजून घ्यावे. आणि वजन हलले नाही तरी व्यायामाने स्नायू इन्सुलिनला दाद देऊ लागतात, तेव्हा तो वाया जात नाही.

खाण्याबद्दल कुठल्याही एका आहाराचे नाव मी सांगणार नाही, कारण या आजारात एकच आहार सर्वांत चांगला असे सिद्ध झालेले नाही. ताटात पोळी-भाताचा वाटा कमी करा आणि वरण, उसळ, हरभरा, अंडी, दही यांचा वाढवा. अंबाडी, चवळी, मेथी भरपूर घ्या. ज्वारीची भाकरी आपली आहे, ती परत ताटात आणा. जवसाची चटणी चालू द्या. चहात दिवसाला किती चमचे साखर जाते ते एकदा मोजा. आणि उपवासाचा विचार करा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे आठवड्यात दोन-तीन उपवास धरणाऱ्या मुली मला भेटतात. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खातात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. श्रद्धेला माझा नमस्कार, पण उपवासाच्या दिवशी शेंगदाणे, दही, ताक, फळ अशी सोय करता येते.

औषधांत पाळी नियमित करण्यासाठी आणि केस-पुरळ कमी करण्यासाठी संयुक्त गर्भनिरोधक गोळी हा पहिला पर्याय आहे. "गर्भनिरोधक" शब्द ऐकून घरचे घाबरतात. अविवाहित मुलीने ती उपचार म्हणून घेण्यात काहीच गैर नाही, आणि त्या गोळीमुळे पुढे मूल व्हायला अडथळा येत नाही. मात्र रक्तदाब जास्त असेल, रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल, डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी होत असेल किंवा सिकलसेल आजार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळी आणू नका.

इन्सुलिनसाठी मेटफॉर्मिन आहे. ही स्वस्त आणि जुनी गोळी आहे, सरकारी दवाखान्यातही मिळते. सुरुवात 500 मिलिग्रॅमने, जेवणासोबत, आणि हळूहळू वाढवायची, म्हणजे मळमळ आणि जुलाब सोसतात. ती बरीच वर्षे घेतली तर शरीरातले बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते. पुण्याच्या त्याच अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये बी-12 आधीच कमी होते. आपण बरेचसे शाकाहारी, त्यामुळे मेटफॉर्मिन घेणाऱ्या बाईचे बी-12 तपासायलाच हवे. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आली आहेत. ती काहींना उपयोगी पडतात, पण महाग आहेत, आणि ती चालू असताना गर्भ राहू नये याची काळजी घ्यावी लागते.

मूल हवे असेल तेव्हा बीज सुटण्यासाठी लेट्रोझोल हे पहिले औषध आहे. आपल्या सरकारने 2011 मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली होती, ती 2017 मध्ये उठली. मधल्या काळात, 2014 मध्ये, अमेरिकेत 750 स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी 27.5 टक्के जणींना जिवंत मूल झाले, जुन्या क्लोमिफेनने 19.1 टक्के जणींना. म्हणून आईच्या त्या प्रश्नाला मी सांगते, माय, बहुधा तिला लेकरू होईल.

पण लेकरू झाले की फाइल बंद होते, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. गरोदरपणात सरकारी नियमानुसार पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत साखर तपासतात. साखर निघाली तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची पुन्हा तपासणी व्हायला हवी. सहाव्या आठवड्यात बाळाची लस असते. आई बाळाला घेऊन उपकेंद्रात येते, बाळाला सुई टोचली जाते, कार्डावर नोंद होते आणि आई तशीच परत जाते. त्याच सकाळी तिला उपाशीपोटी बोलावून ग्लुकोज पाजले, तर दुसरी खेप लागणार नाही. आणि दुसरी फट वयाची आहे. गावपातळीवर साखर आणि रक्तदाबाची सरकारी तपासणी तिसाव्या वर्षापासून सुरू होते. पीसीओएसची मुलगी सतराव्या-अठराव्या वर्षीच धोक्याच्या वाटेवर असते. तिच्यासाठी तीसची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आपला जिल्हा यात मागे राहू नये असे मला वाटते, कारण गावाने आरोग्य आपल्या हाती घ्यायचे हा धडा याच जिल्ह्यात गिरवला गेला. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय स्त्रिया आणि मुलांसाठीच्या छोट्या दवाखान्यातून वाढले. 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली, खेड्यासाठी डॉक्टर घडवण्यासाठी. त्याच संस्थेच्या डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांना सोबत घेऊन योजना चालवली: हंगामात प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभर उपचाराची हमी घ्यायची. ज्या जिल्ह्यातल्या गावांनी ज्वारीच्या पायल्यांनी आरोग्याची तजवीज केली, तिथे एक टेप, एक वही आणि एक ग्लुकोमीटर जमवणे अवघड नाही.

म्हणून वडनेरकरांकडे माझ्या चार मागण्या आहेत. शाळा आणि कॉलेजने वर्षातून एकदा मुलींना पाळीची तारीख लिहायला शिकवावी, आणि जिच्या पाळ्या वर्षात आठपेक्षा कमी भरतात तिला आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्यावी. आशाताईंनी आणि उपकेंद्राच्या बाईंनी अशा मुलींची वेगळी यादी ठेवावी, आणि तिसाव्या वर्षाची वाट न पाहता त्यांची साखर, रक्तदाब आणि कंबर नोंदवावी. त्या लग्न होऊन सासरी गेल्या तर कागद सोबत द्यावा. ग्रामपंचायतीने शाळेचे मैदान संध्याकाळी तासभर दिवे लावून बायामुलींसाठी राखावे, कारण महामार्गाच्या कडेने चालायला सांगणे धोक्याचे आहे. चौथी मागणी वडील आणि भावांकडे आहे: लग्न जमवताना हा आजार लपवू नका, आणि त्यासाठी मुलीला नाकारूही नका. ज्या घरात ही गोष्ट मोकळेपणी बोलली जाते, तिथली मुलगी औषध आणि तपासणी सोडत नाही.

माझ्या लेकींनो, शेवटचे तुमच्याशी. तुम्हाला पीसीओएस असेल तर तुमची काही चूक झालेली नाही. हा आजार पुरता जात नाही, पण तो ताब्यात राहतो, आणि तुम्हाला इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षे आधी कळले आहे की काय जपायचे. ही वर्षे वापरा. उद्या सकाळी पाळीची शेवटची तारीख एका वहीत लिहा, आणि पुढच्या दवाखान्याच्या भेटीत डॉक्टरांनी विचारले नाही तरी तुम्ही विचारा, "माझी साखर तपासायची का?"

 कुणाला काही विचारायचे असेल तर मी इथे थांबते. सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठी द्या. प्रत्येक चिठ्ठीचे उत्तर दिल्याशिवाय मी वडनेर सोडणार नाही.